क्लाउड स्टोरेजचे 11 महिने: जुनं सिम बंद पडलं आणि 23 दिवस खातं उघडलंच नाही

जुलैत विहिरीवरची मोटार चालू करायला वाकले आणि फोन हातातून निसटून पाण्यात गेला. फोनचं फार वाटलं नाही, जुनाच होता. नव्या फोनवर क्लाउडचं खातं, म्हणजे फोटो-कागद इंटरनेटवरून एका कंपनीकडं ठेवते ते, उघडायला बसले. पासवर्ड अचूक टाकला, तरी समोर आलं: तुमच्या नंबरावर कोड पाठवलाय. शेवटचे दोन आकडे बघितले आणि पोटात गोळा आला. तो नंबर वापरायचा सोडून मला दीड वर्ष झालं होतं.

किती जीबी, काय दर, हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात जात नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही, कारण अशा सगळ्याच मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत हा प्रश्न पडतो: आपलं खाजगी सामान यांच्याकडं ठेवावं का?

मी औसा तालुक्यात सेवा केंद्र चालवते. पीक विमा, फार्मर आयडी, उत्पन्नाचा दाखला, सगळं. लोक आधार, सातबारा, पासबुकाचं पहिलं पान व्हॉट्सॲपवर टाकतात आणि फोन आठवड्यात भरतो. मागच्या पोळ्याला वर्षाचे पैसे भरून प्लॅन घेतला. दिवसाला चार रुपयांच्या आत पडतो. पुण्याचा भाऊ म्हणत होता, हार्ड डिस्क घे. पण साडेचार हजार एकदम द्यायचं जिवावर आलं, आणि चार रुपयांत काम भागतंय असं वाटलं.

खरं कारण मात्र सात फोटो होते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपात आमचा जुना वाडा बसला. आज जुन्या गावात दगडांच्या ढिगाऱ्यावर बाभळी उगवल्यात. त्या घराचे सात फोटो लातूरला मामाकडं होते म्हणून वाचले. एकात आजी ओसरीवर जात्याशी बसलेली आहे, मागं माळवदाची कड दिसते. अल्बमच्या पानांना फोटो चिकटायला लागले तेव्हा स्कॅन करून क्लाउडवर टाकले. मूळ फोटो पुढच्याच पावसाळ्यात ओल लागून गेले. म्हणजे आमच्या घराची जगातली एकमेव प्रत कुठल्यातरी डेटा सेंटरात होती.

पहिले नऊ-दहा महिने मी या सेवेचं सगळ्यांपुढं कौतुक केलं, आणि ते खोटं नव्हतं. ‘बैल’ असं मराठीत शोधलं की पोळ्याचे सगळे फोटो समोर. चेहरे ओळखायचं काम तर असं की 1991 मधले तरणे आबा आणि माझा पुतण्या, दोघांना एकाच माणसाखाली लावलं. आईला दाखवलं तर ती पदर डोळ्याला लावून बसली. “नाक बघ गं, तेच नाक.” आमच्या लक्षात न आलेलं यंत्रानं दाखवलं. त्या दिवशी पैसे वसूल झाले असं मी म्हटलं होतं.

आता सिमचं. यावर जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या मते सगळा भरवसा इथंच अडतो. आमच्याकडं दोन सिम घेतात, एकाला रेंज नसली की दुसरं. दोन्हीचं रिचार्ज परवडत नाही, मग एक सुटतं. 90 दिवस सिम वापरलं नाही की कंपनी नंबर बंद करू शकते. बंद झालेला नंबर किमान आणखी 90 दिवस दुसऱ्याला देत नाहीत, पण पुढं देतात. माझा गेला होता. त्या नंबरावर फोन लावला तर हिंगोलीकडच्या एका शेतकरी भावानं उचलला. सगळं सांगितलं, कोड वाचून दाखवा म्हणाले. तो म्हणाला, “ताई, ओटीपी कुणाला सांगू नका म्हणायलेत सगळीकडं. मी नाही सांगत बगा, राग मानू नका.” फोन ठेवला. त्याचं बरोबर होतं. केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते.

मग मदत केंद्र. पैसे भरणाऱ्यांना चॅटवर माणूस भेटतो, पण त्या चॅटपर्यंत जायला आधी खात्यात शिरावं लागतं. शिरता येत नाही म्हणूनच तर मदत हवी होती! फॉर्म भरले, सहा वेळा. प्रत्येक वेळी तेच उत्तर: तुम्ही खातेदार आहात याची खात्री पटली नाही. बँकेनं पासबुक अडवलं तर मी औशाच्या शाखेत जाऊन मॅनेजरच्या टेबलापुढं बसते. इथं टेबलच नाही. बाहेर पीक विम्याची मुदत संपत आलेली, लोकांची रांग, आणि डोक्यात आजीचं ते जातं.

केंद्र सरकारच्या 2021 च्या आयटी नियमांप्रमाणं अशा कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्यानं 24 तासांत पोच द्यायची आणि ठरलेल्या मुदतीत निकाली काढायचं. समाधान झालं नाही तर 30 दिवसांत तक्रार अपील समितीकडं ऑनलाइन अपील करता येतं. ही समिती 2023 पासून आहे. बहुतेकांना हे माहीत नसतं म्हणून लिहिलं. मी तक्रार केली, पोच लगेच आली, उत्तर आलं नाही. अपिलाची तयारी चालू होती तेवढ्यात भावाला आठवलं की दिवाळीत मी त्याच्या लॅपटॉपवर खातं उघडलं होतं. ओळखीचं यंत्र बघून 23 व्या दिवशी दार उघडलं. सातही फोटो जागेवर. रडले मी, लपवत नाही.

इथवर लिहून ठेवलं तेव्हा ‘अजिबात घेऊ नका’ असा शेवट करणार होते. पण आठ दिवसांनी राग उतरल्यावर वेगळं वाटायला लागलं. हिंगोलीच्या माणसाकडं कोड येत होता, पासवर्ड नव्हता. माझ्याकडं पासवर्ड होता, कोड नव्हता. दोघांपैकी कुणालाच आत घेतलं नाही, हे कुलूप बरोबर आहे. माझ्या रडगाण्यावर उघडलं असतं तर उद्या कुणाच्याही रडगाण्यावर उघडलं असतं. चोरापासून राखायला या कंपन्या पक्क्या आहेत, हे मी आता खात्रीनं म्हणते. भीती वेगळीच आहे. किल्ली त्यांच्याकडं असते, आतलं त्यांची यंत्रं बघू शकतात आणि चुकली तर ऐकणारा कुणी नसतो. 2021 मध्ये अमेरिकेत एका बापानं आजारी लेकराचा फोटो डॉक्टरला दाखवायला काढला. गुगलच्या यंत्रणेनं तो लेकरावरच्या लैंगिक अत्याचाराचा समजून बापाचं खातं बंद केलं. पोलिसांनी चौकशी करून गुन्हा नाही म्हटलं, तरी खातं परत दिलं नाही. वर्षानुवर्षांचे मेल आणि फोटो गेले. हे वाचून मला झोप लागली नाही.

आणि खातं उघडल्यावर आणखी एक गोष्ट दिसली, जी आधी कधी नीट बघितलीच नव्हती. व्हॉट्सॲपवर आलेलं सगळं आपोआप वर चढत होतं. चारशेच्या वर लोकांची आधार कार्डं, पासबुकं, अंगठ्याचे ठसे असलेले अर्ज. माझ्या घरच्या फोटोंबद्दल भरवसा ठेवायचा की नाही हे मी ठरवू शकते. सरूमावशीच्या आधारबद्दल मी कोण ठरवणार? तिनं फक्त विम्यासाठी दिलं होतं. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा घरगुती वापराला लागू नाही, पण केंद्र काही घरगुती वापर नव्हे. त्यात 250 कोटींपर्यंत दंड आहे खरा, पण तो सरकारजमा होतो. ज्याचा कागद फुटला त्याला त्यातून काही मिळत नाही. म्हणून कायदा आहे या भरवशावर मी लोकांचे कागद कुणाच्या हवाली करणार नाही.

दोन रात्री बसून ते सगळं पुसलं. व्हॉट्सॲपच्या फोल्डरचा बॅकअप बंद केला. आता काम झालं की कागद माणसासमोर फोनमधून काढते आणि जिथं चालतं तिथं शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार घेते. हार्ड डिस्क शेवटी घेतली, साडेचार हजार गेलेच. आजीचा फोटो लातूरच्या स्टुडिओत मोठा करून भिंतीवर लावला, दुसरी प्रत मामाकडं ठेवली.

तुम्ही वापरत असाल तर आज एक काम करा: सेटिंगमध्ये जाऊन कुठला नंबर टाकलाय तो बघा. बंद झालेला असला तर बदला. नंबर हाताशी नसताना आत शिरायला लागणारे बॅकअप कोड कागदावर लिहून सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. चेहरे ओळखणं बंद करता येतं. मी मात्र ते चालूच ठेवलंय, आईसाठी.

प्लॅनची मुदत पोळ्याला संपते. पुन्हा भरणार आहे, पण सगळ्यात लहान, फक्त घरच्या फोटोंपुरता. माझ्याकडून या सेवेला पाचपैकी तीन गुण. माणसाशी बोलायला खात्याबाहेरून एक नंबर दिला असता तर चार दिले असते. हिंगोलीच्या भावाला फोन करून सांगितलं की तुमचा नंबर माझ्या खात्यातून काढला, आता कोड येणार नाहीत. त्यानं आधी विचारलं, “तुमच्या आजीचा फोटो घावला का?”