यीशिंगचा फुलापानांचा टीपॉट: छिंग काळातला घ्यावा की फॅक्टरीतला?

चीनमधल्या यीशिंग शहराचे मातीचे टीपॉट जमवायचेत, आणि त्यातही झाडाचा बुंधा, कमळ, बांबू असले घाट आवडतात, तर पुढ्यात साधारण दोन पर्याय येतात. एक म्हणजे छिंग राजघराण्याच्या काळातला (१६४४ ते १९१२) कुणा मोठ्या कारागिराच्या नावाचा पीस, दुसरा १९६० ते ८० च्या दरम्यान तिथल्या नंबर एक फॅक्टरीत बनलेला. माझं मत आधीच सांगतो, पहिली खरेदी असेल तर फॅक्टरीचाच घ्या.

जुन्याची ओढ वाटणं साहजिक आहे. खांगशी या छिंग बादशहाच्या काळात (१६६१ ते १७२२) चेन मिंगयुआन या कारागिराने मातीतून अक्रोड, शेंगा, लाकडाची मोळी असं काय काय घडवलं, बघत राहावं असं काम! पण त्याचं नाव कोरलेले पॉट बाजारात पुष्कळ आणि खरे अगदी मोजके. नकलाही आजच्या नाहीत, १९३०-४० च्या दशकात शांघायच्या अँटिक व्यापाऱ्यांनी यीशिंगचे उत्तम कारागीर बोलावून जुन्या मास्टर लोकांच्या कामाच्या नकला करून घेतल्या, त्यात गू जिंगझोउ आणि जियांग रोंगसुद्धा होते जे पुढे स्वतःच मोठे मास्टर झाले. म्हणजे नक्कलसुद्धा जबरदस्त हाताची, आणि आता तीही ऐंशी-नव्वद वर्षं जुनी. नुसत्या शिक्क्यावर पैसे टाकायचे नाहीत ते यासाठीच.

शिवाय १९११ च्या आधीच्या वस्तू चीनबाहेर न्यायला बंदी आहे, त्यामुळे आधीच बाहेर आलेला पीस आणि त्याचे जुने कागद हे दोन्ही शोधावं लागतं.

फॅक्टरीच्या पॉटला तळाशी बहुतेक वेळा 'चीन यीशिंग' असा चार अक्षरी शिक्का असतो, झाकणाच्या आत कारागिराचा छोटा. शिक्के याचेही खोटे निघतात, पण तुलनेला खात्रीचे पीस भरपूर मिळतात आणि डोळा तयार होतो. पाइन-बांबू-प्लम घाटाचा एखादा हातात घ्या आणि तोटी अंगातून जिथे फुटते तिथे बघा. चांगल्या कामात सालीच्या रेघा अंगावरून तोटीवर सलग चढत जातात, फांदी आतून उगवल्यासारखी वाटते, हलक्या कामात नुसती चिकटवलेली दिसते. हीच नजर पुढे छिंगच्या पॉटला लागते.

जुना बघताना पानांची टोकं आणि बारीक डहाळ्या आधी तपासा, तुटतात त्याच आणि रेझिनने जोडून रंगवलेल्या असतात, यूव्ही टॉर्चखाली जोड सहसा वेगळा चमकतो. तोटीच्या मुळाशी आत अर्धगोल जाळी असेल आणि विकणारा छिंग म्हणत असेल तर सोडून द्या, ती पद्धत बरीच नंतरची. विकणाऱ्याला विचारून वरून गरम पाणी ओता, पॉलिशचा वास आला तर ती झळाळी चहाची नाही, डब्यातली आहे.

रोज चहा करायचा असेल तर मात्र दोन्ही नकोत, साधा गुळगुळीत घाट बघा, सालीच्या खाचांत चहाचा थर बसला की निघता निघत नाही.