डिपेन्डन्सी-क्रूझर: गुंता सोडवत नाही, पण नेमका दाखवतो

जावास्क्रिप्ट-टाइपस्क्रिप्टच्या प्रोजेक्टमध्ये कुठली फाइल कुणाला इम्पोर्ट करते (कुणाचा कोड आत घेऊन वापरते) यावर पहारा ठेवणारं डिपेन्डन्सी-क्रूझर हे फुकट, ओपन सोर्स टूल. इन्स्टॉल करून त्याची इनिट कमांड चालवली की नियमांची फाइल तयार. चक्राकार इम्पोर्ट आणि कुणीच न वापरणाऱ्या फाइली पकडायचे नियम तीत आयतेच मिळतात.

खरी मजा स्वतःचे नियम लिहिण्यात आहे. मुंबईत उदाहरण सोसायटीच्या मेंटेनन्स बिलाचंच सुचणार. बिलिंगला फ्लॅटचं क्षेत्रफळ हवं, म्हणून ते सभासद मॉड्यूल इम्पोर्ट करतं. पुढे सभासदाच्या पानावर थकबाकी दाखवायची म्हणून कुणीतरी सभासदमधून बिलिंगला हात घालतं. झालं चक्र! बिल्ड पास होतं, टेस्टही. मग कधीतरी इम्पोर्टचा क्रम बदलतो आणि फंक्शनच्या जागी अनडिफाइन्ड हाती येतं. ‘सभासदमधून बिलिंगकडे जायचं नाही’ हा नियम दोन रेजेक्समध्ये (फाइलींच्या पथांशी जुळवायच्या नमुन्यांमध्ये) लिहून होतो. मात्र सिव्हिरिटी (नियम मोडणं किती गंभीर ते) आठवणीने एरर करा. डीफॉल्ट वॉर्न आहे आणि वॉर्निंगने सीआय (कोडवर आपोआप चालणाऱ्या तपासण्या) अडत नाही. चक्र तोडायचं तर थकबाकी जोडण्याचं काम दोघांच्या वरच्या थरात न्या. ‘कॉमन’ फोल्डरमध्ये ढकलू नका, तिथे काय वाट्टेल ते साठतं.

दोन सेटिंग्ज चुकली की निकाल खोटा. टीएसकॉन्फिग (टाइपस्क्रिप्टच्या सेटिंग्जची फाइल) दाखवली नाही तर पाथ एलियस (पथांची टोपणनावं) उलगडत नाहीत आणि तुम्ही लिहिलेले नियम मुकाट्याने पास होतात. प्री-कम्पायलेशनचा (जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर होण्याआधीचे इम्पोर्ट मोजण्याचा) पर्याय बंद असेल तर नुसत्या टाइपसाठी केलेले इम्पोर्ट दिसतच नाहीत. पथ व्हेरिएबलमध्ये असलेले डायनॅमिक (कोड चालताना होणारे) इम्पोर्ट मात्र काहीही केलं तरी सुटतात.

जुन्या प्रोजेक्टवर पहिल्याच रनला एररचा ढीग पडतो. बरेच दोषी इंडेक्स फाइलीतून सगळं री-एक्सपोर्ट करणारे (इतर फाइलींचा कोड तसाच पुढे देणारे) निघतात. अशा वेळी बेसलाइन काढा. जुने गुन्हे नोंदले जातात आणि फक्त नव्यांवर सीआय पडतो. पवई-अंधेरीतल्या डेडलाइनवर चालणाऱ्या टीमला हीच सोय सगळ्यात कामाची.

हे टूल इम्पोर्टची आकृतीही काढतं, पण तिचं कौतुक जरा जास्तच होतं. एसव्हीजी चित्रासाठी ग्राफव्हिझ हे आकृत्या काढणारं टूल वेगळं टाकावं लागतं, आणि अख्ख्या प्रोजेक्टचं चित्र म्हणजे संध्याकाळी सातचा दादरचा पूल. फोल्डरपर्यंत कोलॅप्स केलं तरच काही वाचता येतं.

कोड लिहिताना एडिटरमध्येच लाल रेघ हवी असेल तर ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या टूलचे इम्पोर्टचे नियम जवळचे. पण थरांची बंधनं एका जागी लिहून सीआयमध्ये पाळायला लावायची असतील तर हेच घ्या. जावावाल्यांनी अशाच कामाचं आर्कयुनिट बघावं.