१८,८०० रुपयांचं जिलेटिन

कोलॅजन शीट, म्हणजे न भरणाऱ्या जखमेवर लावायचा प्रथिनाचा पातळ पापुद्रा, म्हणून १० बाय १० सेंटिमीटरचे ८ नग, नगाला २,३५०, एकूण १८,८०० रुपये. राजारामपुरीत चहाच्या गाड्यावर पाकिटं हातात पडली, पैसे यूपीआयनं कुठल्याशा बाईच्या वैयक्तिक खात्यावर गेले. पुढचं ओळखलंच असेल. रोज मधुमेह्यांच्या पायांचं ड्रेसिंग करणारे आम्ही फसलो, लाज त्याची आहे.

खऱ्या मालाला बहुधा आत-बाहेर दोन पाकिटं असतात. इथं एकच, त्याच्या कडेला सीलिंग मशीनची वाकडी रेघ. बॅच नंबर आणि मुदत वरून चिकटवलेल्या स्टिकरवर, उत्पादन परवान्याचा नंबर कुठंच नाही. विचारलं तर विकणारा म्हणाला, "लायसन नंबर मोठ्या बॉक्सवर असतोय, बॉक्स गोडाऊनला हाय." तिथंच उठायला पाहिजे होतं! पण पेशंटची जखम सहा आठवडे जागची हलत नव्हती, दुकानांत माल नव्हता. हाव नव्हती हो, घाई होती.

ओली शीट अल्कोहोलच्या द्रावणात येते, लावण्याआधी सलाइननं धुवावीच लागते. म्हणून वाचलो. सलाइन कोमट होतं. दहा मिनिटांत शीटच्या कडा ओघळल्या आणि ट्रेमध्ये नुसता चिकट रस उरला. चांगली कोलॅजन शीट अंगाइतक्या उष्णतेला अशी विरघळत नाही, जिलेटिन विरघळतं. जाळून बघायच्या भानगडीत पडू नका, दोन्हींना केस जळाल्यासारखाच वास येतो.

आणि शीट खरी असली तरी पू भरलेल्या किंवा काळी खपली धरलेल्या जखमेवर ती वायाच. आधी पायाचा रक्तपुरवठा तपासा, मेलेला भाग काढून घ्या, जखमेवरचा भार काढा. कडक कोल्हापुरी चप्पल बंद, एमसीआरची, म्हणजे मऊ रबरी तळाची घ्या. चार आठवड्यांत जखम निम्मी झाली नाही तर शीट बदलू नका, कारण शोधा.

तक्रारीचं काय झालं? पहिल्या कचेरीत "हे औषध नाही, उपकरण आहे." अहो, एप्रिल २०२० पासून उपकरणंही कायद्यानं औषधांतच मोजतात, हे आम्ही साहेबांना सांगायचं! दुसरीकडे "पक्कं बिल आणा." बिल असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? तिसरीकडे, "चहाच्या गाड्यावर औषध घेतंय का कोण?" तीन चकरा, पोच एकाचीही नाही. पैसे गेल्या गेल्या १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा; आम्ही दोन दिवसांनी केला.

उरलेली ७ पाकिटं कपाटात आहेत, न्यायला कुणी आलेलं नाही. त्याचा नंबर मात्र चालू आहे. डीपीला पांढरा कोट.