तांबं, खायचा सोडा आणि माझे 46,089 रुपये

आधीच सांगून टाकतो, मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

घरात खाऱ्या पाण्याचा टँक आहे, कोरल म्हणजे जिवंत पोवळं पाळायचा. 200 लिटरचा, चार वर्षांचा. मालवणला स्नॉर्केलिंग करताना पाण्याखाली जिवंत कोरल पाहिलं आणि डोक्यात किडा शिरला. घरात बहुतेक मऊ कोरल आहेत: झोआ, मशरूम, एक लेदर. आणि एक हॅमर, हा मात्र दगडी सांगाड्याचा, कठीण कोरल. त्या हॅमरनेच पुढे माझा गळा धरला.

एप्रिलअखेर जुना लाइट गेला, नवा एलईडी लावला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात हॅमरचा हिरवा रंग उडायला लागला आणि आठ दिवसांत तो पांढराफटक. मेलेला नव्हता. कोरलच्या पेशींत राहून प्रकाशावर त्याला पोसणारं सूक्ष्म शेवाळ त्याने बाहेर टाकलं होतं, त्यामुळे मांस काचेसारखं होऊन खालचा सांगाडा दिसत होता. मी घरच्या किटने सगळं तपासलं. खारटपणा 35, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद, डीकेएच हे तिचं माप) 8.3 डीकेएच, कॅल्शियम 420, मॅग्नेशियम 1320. आकडे सगळे शहाण्यासारखे आणि कोरल पांढरं. माणूस अशाच वेळी विकला जातो.

एका ओळखीच्याकडून ‘रीफ कन्सल्टंट’चा नंबर मिळाला. अस्सल मराठी, वाक्यागणिक ‘दादा’. व्हिडिओ कॉलचे 1,499 रुपये. वीस मिनिटं बोलला, पण दुपारी पाण्याचं तापमान किती जातं हे एकदाही विचारलं नाही. लाइट कधी बदलला हेही नाही. ब्लीचिंग, म्हणजे कोरल असं पांढरं पडणं, म्हटल्यावर जो माणूस ऊन आणि उजेड सोडून थेट ‘पाण्यात विष आहे’ म्हणतो, त्याचा फोन तिथेच ठेवा. मी नाही ठेवला.

मग आयसीपी टेस्ट, म्हणजे पाण्यातलं एकेक मूलद्रव्य मोजणारी लॅबची तपासणी, 6,850 रुपये. नमुना त्याच्याकडे कुरिअर करायचा, तो ‘सगळ्यांचे एकत्र’ जर्मनीला पाठवणार. पाचव्या दिवशी रिपोर्ट हजर. आमचं पार्सल शेजारच्या जिल्ह्यात जायला तीन दिवस घेतं आणि हे जर्मनीला जाऊन तपासून आलं, यात मला काही खटकलं नाही. पीडीएफ देखणी होती हो. एका खऱ्या जर्मन लॅबचं नाव, चिन्ह, नमुन्याचा क्रमांक, चाळीसेक मूलद्रव्यांची यादी. आणि लाल रंगात: तांबं, लिटरला 210 मायक्रोग्रॅम.

तो क्षण मला अजून झोपू देत नाही. मी टँकसमोर खुर्ची टाकून मोबाइलवर रिपोर्ट वाचत होतो. माशांना पुरळाचा आजार झाला तर वेगळ्या टाकीत औषध म्हणून जेवढं तांबं घालतात, साधारण तेवढा हा आकडा. वेगळ्या टाकीत का, तर त्या मात्रेत कोळंबी, गोगलगायी, कोरल टिकत नाहीत. हे मला माहीत होतं. आणि माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर, काचेपलीकडे, दोन क्लीनर श्रिंप, म्हणजे कोळंब्याच, मिशा हलवत खडकावर फिरत होत्या. एक तर त्याच आठवड्यात कात टाकून ताजीतवानी झालेली. गोगलगायी काच चाटत होत्या. मी वर बघितलं, त्यांना बघितलं, परत खाली बघितलं आणि टाइप केलं, “दादा, आता काय करायचं?”

सीईटीची जादा बॅच चालू होती, दिवसाला सात तास बोलून डोकं बधिर झालेलं, घरी आल्यावर तो पांढरा हॅमर दिसायचा. घाबरलेल्या माणसाला आजाराचं नाव कळलं की बरं वाटतं, मग ते खोटं का असेना. एवढंच माझं म्हणणं आहे. वेडा नाही मी.

‘कॉपर रिमूव्हल किट’ 9,740 रुपयांचं. एक काळी पुरचुंडी, एक बिनलेबलची बाटली आणि पांढऱ्या पावडरची चार पाकिटं, नाव ‘बफर’. रोज दोन चमचे. दोन दिवसांत अल्कलिनिटी 8.3 वरून 12.4 वर गेली आणि हॅमरचं उरलंसुरलं मांस गळायला लागलं. तिसऱ्या दिवशी पाकीट ओट्यावर राहिलं, बायकोने चिमूट घेऊन लिंबू पिळलं, फसफसलं. “अहो, हा तर खायचा सोडा.” मी हिशेब केला. 200 लिटरला सपाट चमचाभर सोडा म्हणजे साधारण 1 डीकेएच. दोन दिवस, चार चमचे. आकडा तंतोतंत जुळला. जास्त राग याचा की सोडा या कामाला खरंच वापरतात, किराणा दुकानातला, चार पैशांचा, पण अल्कलिनिटी कमी असेल तर, आणि हळूहळू. माझी कमी नव्हतीच. हा टायट्रेशन शिकवणारा मास्तर.

इथे थांबायला हवं होतं ना? पण चिलरचे, म्हणजे टँकचं पाणी गार करायच्या मशीनचे, 28,000 आदल्याच रात्री त्याला गेले होते. ‘एका गिऱ्हाइकाचा वापरलेला, अर्धी किंमत आज, दुसरा माणूस दारात उभा आहे.’ पुढचं तुम्हाला माहीत आहे. आधी ट्रान्सपोर्टचा संप, मग आईची तब्येत, मग एकच टिक. मी ओरडलो तेव्हा शेवटचा मेसेज आला, “पोलिसांत जा ना दादा. हॅमरचं बिल पण घेऊन जा.” आणि त्याने आधीचे सगळे मेसेज पुसले. स्क्रीनशॉट भांडण व्हायच्या आधी काढतात, नंतर नाही.

त्याला पक्कं ठाऊक होतं. कठीण कोरल 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं, वाघाच्या पंगतीला. दुकानदार मला म्हणाला होता इम्पोर्टेड आहे, कागद आहेत. कागद मी कधी पाहिले नाहीत. चूक माझी, मान्य. पण असलं काही विकत घेऊ नका, कारण ते घरात आलं की तुम्ही तक्रार करायची ताकद गमावता.

तरी गेलो. चौकीवर हवालदारांनी विचारलं, “पोवळं म्हणजे अंगठीतलं ना? मंगळासाठी घेतलं होतं का?” मी जिवंत प्राणी असतो म्हणालो, तर ते पलीकडच्याला म्हणाले, “सर दगड पाळतात.” तिथून सायबरकडे. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत, ओटीपी कुणी काढून घेतला नाही, हा व्यवहाराचा वाद, ग्राहक मंचात जा. तिथे बिल मागितलं. बिल कसलं, पाकिटावर एमआरपीसुद्धा नव्हती. बँकेत मॅनेजर बाई स्क्रीनकडे बघत “तुम्ही स्वतः पिन टाकलाय” हे तीनदा म्हणाल्या, जणू मी नाकारत होतो. पुन्हा चौकी, तर आता तिथे नवे साहेब, पहिल्यापासून सगळं सांगा. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, शिक्का मारला आणि विचारलं, “तो दगड कायदेशीर आहे का?” एवढ्या सगळ्यांत कायदा नेमका माझ्याच बाबतीत आठवला.

पैसे गेल्याबरोबर 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, त्याच तासात. मी सहाव्या दिवशी केला, तोवर खातं रिकामं झालेलं. टेस्ट हवी असेल तर किट स्वतः मागवा आणि रिपोर्ट तुमच्या लॉगिनवर आला पाहिजे. मी त्या जर्मन लॅबला ईमेल केला, दोन दिवसांत उत्तर आलं की हा नमुना क्रमांक आमचा नाही. एवढं साधं होतं.

खरं कारण दुसऱ्या शहरातल्या एका जुन्या शौकीन काकांनी फोनवर दहा मिनिटांत शोधलं, फुकट. त्यांचे पहिले दोन प्रश्न: लाइट कधी बदलला, दुपारी पाणी किती तापतं? नवा लाइट मी पहिल्या दिवसापासून 90 टक्क्यांवर ठेवला होता आणि दुपारी वीज गेली की पाणी 31 अंशांवर जायचं. लाइट 30 टक्क्यांवर आणला, पाण्याच्या तोंडावर दोन छोटे पंखे लावले, उडालेल्या पाण्याएवढं आरओचं पाणी रोज वरून. पाणी 27 वर आलं. लेदर परत फुलला, झोआ उघडल्या. पंखे दोन्ही मिळून 640 रुपये.

हॅमर गेला. सांगाडा टँकमध्येच आहे, कारण तोही अनुसूचीत येतो म्हणे. जमा करायला वनखात्याच्या कार्यालयात गेलो तर कुठल्या अर्जावर घ्यायचा हे कुणाला माहीत नाही, साहेब रजेवर. मंगळवारी या म्हणाले.