सीलबंद सुई दाखवली, वापरली मात्र दुसरीच: गोव्यातला माझा टॅटूचा अनुभव

माझ्या आजीच्या हातावर, मनगटाच्या थोडं वर, तुळस गोंदलेली होती. हिरवट, कडा पसरलेल्या. आजी गेल्यावर तीच तुळस आपल्या हातावर असावी असं फार वाटायला लागलं. 3 डिसेंबरला सुट्टी होती. डिचोलीहून मावसबहिणीला घेऊन कळंगुटला गेले आणि किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका दुकानात शिरले. दुकान स्वच्छ होतं, एसी होता, भिंतभर फोटो होते. हे मुद्दाम लिहितेय, कारण कळकट जागा असती तर मी दारातूनच परतले असते.

"इंचाला पाचशे," टॅटू काढणारा म्हणाला. माझी तुळस तीन इंच उंच, म्हणजे पंधराशे, असा माझा हिशेब. काम झाल्यावर त्याने मोजपट्टी लावली. तीन उंच, तीन रुंद, नऊ चौरस इंच, साडेचार हजार. शेडिंगचे हजार वेगळे. पानांच्या मधली कोरी कातडीसुद्धा त्याने मोजली! हात चिकटपट्टीत गुंडाळलेला, बाहेर दोन गिऱ्हाइकं थांबलेली, अशा वेळी भांडायचं कसं? साडेपाच हजार दिले. पावती मागितली तर "बुक संपलंय". म्हणून सुई टेकायच्या आधी एकूण रक्कम कागदावर लिहून घ्या, इंचाचा दर नको.

पैशाचं दुःख मी विसरले असते. सुरुवातीला त्याने सुईचं सीलबंद पाकीट माझ्यासमोर धरलं, वरची तारीख दाखवली. मी मान डोलावली. तो पाठ करून मशीनशी काहीतरी करत राहिला आणि मी बहिणीशी बोलत बसले. काळी शाई त्याने छोट्या टोपणात ओतली आणि फिकट करड्या छटेसाठी पाण्याच्या बाटलीतून त्यात दोन-चार थेंब टाकले. हीच बाटली त्याने मघाशी तोंडाला लावली होती. मी पाहिलं आणि गप्प बसले. निघताना म्हणाला, "समुद्रात गेलात तरी चालेल, खारं पाणी चांगलं असतं." हे साफ खोटं. टॅटू म्हणजे उघडी जखम. ती पूर्ण भरेपर्यंत समुद्र, तलाव, नदी काहीच नको.

बारा-तेरा दिवसांनी लाल पुरळ आलं. अंगावर घामोळं येतं तसंच, म्हणून आधी दुर्लक्ष केलं. मग नीट पाहिलं तर बाहेरच्या काळ्या रेघा साफ होत्या, पुरळ फक्त करड्या छटेत होतं. पानापानात, जणू कोणी मोजून टाकल्यासारखं. दुकानात गेले तर उत्तर मिळालं, "तुमच्या कातडीचा दोष." गल्लीतल्या औषधाच्या दुकानातली दोन मलमं लावून झाली, त्यात तीन आठवडे वाया गेले.

शेवटी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, त्वचारोग विभागात गेले. कातडीचा तुकडा तपासायला घेतला. क्षयरोगाच्या जंतूंच्या कुळातला, पण पाण्यात आणि मातीत राहणारा जंतू निघाला. साधं पिण्याचं पाणी पोटाला चालतं, कातडीच्या आत टोचायला चालत नाही, हे मला तिथे कळलं. 2011 साली अमेरिकेत रॉचेस्टर शहरात अशाच संसर्गाने 19 जण आजारी पडले होते, तिथे दोष करड्या रंगाच्या तयार शाईत होता. म्हणजे सुईइतकीच शाई आणि त्यातलं पाणी महत्त्वाचं. शाईच्या बाटलीवरचं नाव, बॅच नंबर, मुदतीची तारीख वाचा. पातळ करायचीच तर निर्जंतुक पाण्याची सीलबंद कुपी तुमच्यासमोर फुटली पाहिजे.

मला क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या महिनोन् महिने चालू राहिल्या. तोंड सतत कडू.

डॉक्टरांनी सुईबद्दल विचारलं तेव्हा मी ठामपणे म्हणाले, नवीन होती, पाकीट पाहिलं होतं. रात्री बहिणीने मोबाईलमध्ये काढलेले फोटो मोठे करून पाहिले. माझा हात, त्यावर चालणारं मशीन, अर्धी तुळस झालेली. मागे स्टीलचा ट्रे. ट्रेमध्ये ते पाकीट. न उघडलेलं.

तो फोटो पाहून पोटात गोळा आला. मशीनमध्ये आधीपासून लावलेली सुई कोणाकोणाच्या अंगात शिरली होती कोण जाणे. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही, तिन्हींच्या तपासण्या कराव्या लागल्या, आणि संसर्ग रक्तात लगेच दिसतोच असं नाही म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा. हिपॅटायटिस बीची लस आहे, तीन डोस, सहा महिन्यांत पूर्ण होतात. ती मी आधीच घेतली असती तर एक घोर तरी कमी झाला असता. टॅटूनंतर एक वर्ष रक्तदानही करता येत नाही, त्यामुळे ऑफिसच्या शिबिरात यंदा मी नुसती खुर्च्या लावत होते.

त्याच दुकानात लहान मुलांच्या हातावर 'काळी मेंदी' काढत होते, तेही सांगते. खरी मेंदी लालसर-तपकिरी रंगते, तासाभरात काळीकुट्ट होत नाही. तो काळा रंग बहुधा केसांच्या डायमधल्या पीपीडी नावाच्या रसायनाचा असतो. त्याने फोड येतात, डागही राहू शकतो, आणि ती ॲलर्जी एकदा जडली की पुढे साधा डायसुद्धा सोसत नाही. मुलांना दोन आठवड्यांचा खेळ म्हणून काढून देऊ नका.

पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फाटलं पाहिजे आणि त्यातलीच सुई मशीनला लागली पाहिजे. तो पाठ करून उभा राहिला तर थांबवा. ऐकत नसेल तर ॲडव्हान्स सोडा आणि उठा. रेघ सुरू झाली की उठता येत नाही, मलाही आलं नाही.

मे महिन्यात फोटो घेऊन परत गेले. सीझन संपला होता, शटर खाली, फोन बंद. तुळशीची पानं आता उंचसखल झाली आहेत, बोट फिरवलं की जाणवतं. आजीची मरेपर्यंत सपाट होती. दोन तपासण्या स्वच्छ आल्या आहेत, तिसरी जूनमध्ये आहे.