पोहता येत नाही, तरी मालवणला हजार रुपयांत स्कूबा करून आले

आधीच सांगते, मला पोहता येत नाही. पाण्याशी संबंध म्हणाल तर ठाण्याच्या तलावपाळीची पायडल बोट, तीही काठाकाठाने. नवरा मात्र गेली सहा वर्षं रोज सकाळी मारोतराव शिंदे तरण तलावात पोहणारा माणूस. आता आमच्यातलं कोण पाण्याखाली राहिलं आणि कोण दोन मिनिटांत बोटीवर परत आलं ते येईलच खाली.

डिसेंबरमध्ये गेलो, मुलीची शाळा दोन दिवस बुडवून, कारण शनिवार-रविवारी मालवणला पाय ठेवायला जागा नसते आणि भावही चढे असतात. तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट काढलं. ही गाडी ठाण्याला रात्री बारानंतर येते, म्हणजे सोमवारी रात्री घरातून निघायचं असेल तर तिकीट मंगळवारचं काढायचं. हे मुद्दाम लिहितेय, आमच्या ओळखीत एक अख्खं कुटुंब बॅगा घेऊन चुकीच्या रात्री प्लॅटफॉर्मवर उभं राहिलेलं आहे. कुडाळला उतरून मालवणला पोचेपर्यंत दुपार झाली, त्यामुळे पहिल्या दिवशी स्कूबाचं, म्हणजे हवेचा सिलिंडर लावून पाण्याखाली जायचं, विसराच. तसंही ते सकाळीच बरं, वारा उठला की पाणी हलतं आणि लाटांवर बोट हिंदकळायला लागली की नाश्ता वर येतो.

तरी पहिल्या दिवशी संध्याकाळी मी माती खाल्लीच. जेट्टीजवळ "स्कूबा ५०० पासून" असा बोर्ड, शेजारी गोड बोलणारा एजंट, पाठीवर सिलिंडर लावणार का विचारलं तर म्हणाला हो हो ताई सगळं, आणि मी पाचशे ॲडव्हान्स देऊन मोकळी. रात्री जेवताना खानावळीच्या काकूंनी सांगितलं की तिथे सिलिंडर बोटीतच ठेवतात आणि लांब पाइप तोंडात देऊन माणसाला थोडंसं खाली सोडतात. आता पाइपचं स्कूबा वाईटच असतं असं नाही, उथळ पाण्यात चालून जातं, पण मग तसं सांगा ना. सकाळी पैसे मागायला गेले तर "ॲडव्हान्स रिटर्न नाय". पाचशे गेले.

मग काकूंनीच दुसरीकडे पाठवलं. नाव टाकत नाही कारण पुढे थोडी कुरकूर आहे आणि त्या पोरांना उगाच त्रास नको. मी यावेळी आधी प्रश्न विचारले आणि माझ्या मते पैसे नक्की कशाचे देतोय ते इथेच कळतं. एका माणसाबरोबर खाली एक इन्स्ट्रक्टर की एकच दोघातिघांना धरणार? त्याच्याकडे डायव्हिंगचं कार्ड आहे का? खाली जायच्या आधी पाण्यातच प्रॅक्टिस किती वेळ? बोटीत लाइफ जॅकेट सगळ्यांना का? हा शेवटचा प्रश्न गंमत म्हणून नाही, २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबाहून परत येणारी बोट उलटली होती आणि दोघं गेले होते. इथल्या मुलाने न चिडता उत्तरं दिली, वर एक फॉर्म भरून घेतला, दमा आहे का, बीपी, हार्ट, कानाचं काही, सर्दी. सर्दीचं मला हसू आलं होतं पण कारण खरं आहे, नाक चोंदलं असेल तर कानातला दाब सुटत नाही. माणशी हजार, त्यात व्हिडिओ आणि वेटसूट (पाण्यात घालायचा घट्ट सूट). मोठ्या सेंटरला जास्त लागतात, तारकर्लीला एमटीडीसीचं (राज्याच्या पर्यटन महामंडळाचं) स्कूबा सेंटर आहे तिथे व्यवस्थित कोर्सही होतात, पण आम्हाला फक्त एकदा खाली जाऊन बघायचं होतं.

बोट सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला थांबली. प्रॅक्टिस म्हणजे बोटीची शिडी धरून तोंड पाण्यात घालायचं आणि रेग्युलेटरमधून, म्हणजे सिलिंडरची हवा देणाऱ्या तोंडातल्या नळीतून, श्वास घ्यायचा. सांगायला सोपं आहे. नाक मास्कच्या आत बंद असतं आणि जन्मभराची नाकाने श्वास घ्यायची सवय, त्यामुळे पहिल्या मिनिटाला वाटतं की आपण चाललो. मला पोहताच येत नाही त्यामुळे मी निमूटपणे इन्स्ट्रक्टर सांगेल तसं करत बसले. नवऱ्याला पोहण्याची सवय नडली. श्वास धरून ठेवायचा, मग डोकं वर काढून घ्यायचा, हे अंगात मुरलेलं, आणि इथे नेमका श्वास धरायचाच नसतो. तो खाली गेला, धडपडला, मास्कमध्ये पाणी घेतलं आणि वर. परत गेलाच नाही. बोटीवर बसून "करंट फार आहे" असं सगळ्यांना सांगत होता.

श्वास का धरायचा नाही हे मात्र इन्स्ट्रक्टरने आपणहून सांगितलं नाही, माझ्या मुलीने विचारल्यावर सांगितलं, ही माझी पहिली कुरकूर. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, वर येताना छातीतली हवा फुगते, ती सोडत राहायची नाहीतर फुप्फुसाला इजा होऊ शकते. हे प्रत्येकाला बोटीतच सांगायला पाहिजे. आणि हो, सिलिंडरमध्ये साधी दाबून भरलेली हवा असते, ऑक्सिजन नाही. आमच्या सोसायटीत अजून कोणाला पटत नाही.

मी साधारण पंधरा-सोळा फूट खाली गेले असेन. दर दोन-तीन फुटांना नाक चिमटीत धरून हळू फुंकायचं म्हणजे कान मोकळे होतात, हे दुखायच्या आधी करायचं, दुखल्यावर नाही. मी उशीर केला, कानात सणक आली, हात हलवून खूण केली तर इन्स्ट्रक्टरने लगेच थोडं वर घेतलं आणि परत सावकाश नेलं. वर असताना त्याने एवढंच म्हटलं होतं, "घाबरू नकात, मी आसय", आणि खाली पूर्ण वेळ माझ्या सिलिंडरवरचा त्याचा हात सुटला नाही. हजार रुपये याचेच वसूल. एकदा मात्र मी कॅमेऱ्याकडे बघून अंगठा वर केला, व्हॉट्सॲपची सवय, आणि तो मला वर न्यायला लागला. पाण्याखाली अंगठा म्हणजे वर चला. मस्त चाललंय म्हणायला अंगठा आणि तर्जनीचा गोल करायचा.

दिसलं काय? खडक, त्यावर थोडं प्रवाळ, काळ्या पट्ट्यांचे मासे ढिगाने, एक निळसर पोपटमासा. अंदमानचे फोटो डोक्यात ठेवून जाऊ नका, पाणी हिरवट होतं आणि दहा-बारा फुटांपलीकडे धूसर. पण जे जवळ होतं ते इतकं जवळ होतं की मी हात मागे घेतला.

दुसरी कुरकूर मोठी आहे. व्हिडिओ भरगच्च दिसावा म्हणून तिथे माशांना पाव टाकतात. स्टेटसला जे मासे चेहऱ्याभोवती गर्दी करताना दिसतात ना, ते पावासाठी आलेले असतात. मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि आपण तिथे लादीपाव भिरकावतोय. मुलगी बोटीवर त्या दादाशी भांडली, तो म्हणाला पाव नाही टाकला तर कस्टमर म्हणतात मासे दाखवले नाहीत, पैसे परत द्या. त्याचंही खोटं नाही. तुम्ही जाल तेव्हा आधीच सांगा, पाव नको. आमच्यानंतरच्या ग्रुपने सांगितलं तर त्याने खरंच टाकला नाही.

तारखेचं एक काकूंनी सांगितलं ते आधी कळायला हवं होतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते, पाणी जोरात आत-बाहेर होतं आणि गाळ उठतो. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती, असतो, तेव्हा पाणी शांत आणि त्यातल्या त्यात नितळ. आम्ही पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गेलो होतो. घरात भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असताना आम्ही फक्त रेल्वेचं ॲप बघितलं. पावसाळ्यात सगळं बंदच असतं, सप्टेंबर संपेपर्यंत विचारूही नका.

मुलगी बारा वर्षांची, ती माझ्यापेक्षा निवांत होती, तिला परत जायचंय. नवऱ्याने डेकॅथलॉनमधून स्नॉर्केल (तोंडात धरायची श्वासाची नळी) आणलंय आणि रात्री बाथरूममध्ये बादलीत तोंड घालून नाकाने श्वास न घ्यायची प्रॅक्टिस करतो. काल चार मिनिटं टिकला. ठाण्याच्या बादलीत करंट नसतो.