व्हिडिओत मखमल, रुळावर उचक्या

साडेसोळा हजार रुपये मोजून घेतलेलं माझं मॉडेल रेल्वेचं एचओ स्केलचं (खऱ्याच्या १:८७ आकाराचं) डिझेल इंजिन एकट्यानं दोन फूटसुद्धा धड चालत नाही. विकणाऱ्यानं पाठवलेल्या व्हिडिओत मात्र तेच इंजिन डब्यांची रांग घेऊन चढ चढतं, वळणावर अलगद वळतं, सांध्यावरून न अडखळता पार होतं. व्हिडिओत कापाकापी नाही. इंजिनही तेच, कॅबवरचा नंबरसुद्धा जुळतो. आणि तरीही ही शुद्ध फसवणूक आहे. ती कशी जमवली ते सविस्तर लिहितोय, कारण याच युक्तीनं आणखी कुणाच्या तरी गळ्यात असाच माल पडणार आहे.

या छंदात आपल्याकडे जुना माल का घ्यावा लागतो, ते बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्रही सक्तीचं झालं. मॉडेल रेल्वे कस्टम्सच्या लेखी खेळण्यांतच मोडते. पन्नाशी ओलांडलेला माणूस डोळ्याला भिंग लावून डबे जोडणाऱ्या कपलरची स्प्रिंग बसवत असला तरी ते खेळणंच! मग उरतं काय, तर परदेशातून येणाऱ्या भाच्याच्या बॅगेत मावेल तेवढं, किंवा आपापसांतली देवघेव. पुण्यात कोथरूडला जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे जाऊन आलेली कितीतरी पोरं घरी येऊन रूळ मागतात. पण ते रूळ, ती इंजिनं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. या टंचाईवरच असे विक्रेते जगतात.

मला हवं होतं अल्को. कल्याण आणि पुणे शेडच्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचा आवाज ज्यांनी घाटात ऐकलाय, त्यांना कारण विचारू नये. हे इंजिन मुळात अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या आराखड्याचं. १९६२ मध्ये पहिली इंजिनं तिथून बनून आली, १९६४ पासून वाराणसीत बनायला लागली. २६०० अश्वशक्ती, १६ सिलिंडर आणि तीन-तीन ॲक्सलच्या दोन बोग्या (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा गाडा), ज्यांत मधला ॲक्सल बरोबर मध्यावर नसून एका बाजूला सरकलेला. अमेरिकेतल्या काही जुन्या अल्को इंजिनांनाही हीच बोगी होती. म्हणून तसं अमेरिकन मॉडेल घ्यायचं आणि त्यावर घरी बनवलेली डब्ल्यूडीएम-२ ची बॉडी चढवायची, असा बेत. त्यामुळे वरचा रंग उडालेला असला, रेलिंग तुटलेलं असलं तरी मला चालणार होतं. खालचं यंत्र मात्र उत्तम हवं होतं, आणि हे मी विकणाऱ्याला पहिल्याच मेसेजमध्ये लिहून कळवलं होतं. त्याला नेमकं काय विकायचं ते मीच सांगितलं म्हणा ना.

विकणारा मुंबईकडचा. अमेरिकेतल्या मामाचा संग्रह काढतोय, असं त्याचं म्हणणं. बोलणं अगदी गोड. "काका, आरामात ठरवा, घाई अजिबात नाही." आणि लगेच पुढच्या ओळीत, "तसं अजून दोघं विचारतायत, पण तुम्ही आधी बोललात." मी व्हिडिओ मागितला. तो तासाभरात आला आणि फार सुरेख होता. दोन अल्को इंजिनं जोडीनं, मागे डबे, आणि आवाज असा की अंगावर काटा यावा. पुढचं इंजिन विकायचं, मागचं त्याचं स्वतःचं. "जोडीनं छान दिसतात म्हणून लावलीत," इति विक्रेता.

पैसे यूपीआयनं गेले. (गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, साडेसोळा मिलिमीटर आणि किंमतही साडेसोळा हजार, यावर आमचा विनोदही करून झाला.) पार्सल व्यवस्थित आलं, मूळ डब्यात, फोममध्ये नीट बसवलेलं.

रुळावर ठेवून कंट्रोलरवर इंजिनाचा पत्ता, म्हणजे त्याचा नंबर, टाकला. दिवा लागला, मोटर गुणगुणली, इंजिन हललं. मग टक्. थोडं पुढे, पुन्हा टक्. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक उचकी. वेग वाढवला की उचक्या ऐकू येईनाशा होतात, पण मग इंजिन सांध्यावर उडी मारतं. मागे दोन डबे लावले आणि चढावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली. त्यातही एक गोष्ट खटकली: फिरत होती ती फक्त मागच्या बोगीची चाकं. आणि व्हिडिओतला तो अल्कोचा आवाज? या इंजिनात डीकोडर, म्हणजे कंट्रोलरचे हुकूम पाळणारी चिप, होता, पण आवाजाचा नव्हता. तो सगळा आवाज मागच्या इंजिनाचा.

बॉडी काढल्यावर काय दिसलं ते सांगण्याआधी, आत काय दिसायला हवं ते सांगतो. चांगल्या डिझेल मॉडेलमध्ये मोटर मधोमध असते. तिच्या दोन्ही टोकांना पितळी फ्लायव्हील. रुळावर धूळ आली आणि क्षणभर करंट तुटला तर तेच इंजिनाला पुढे ढकलतात. फ्लायव्हीलपासून युनिव्हर्सल जॉइंटचे दोन दांडे निघतात, एक पुढच्या बोगीकडे, एक मागच्या. प्रत्येक बोगीच्या माथ्यावर वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला गिअर), त्याखाली गिअरची उतरंड आणि शेवटी प्रत्येक ॲक्सलवर एक गिअर. मोटर पाच पोलची आणि तिरकस गुंडाळीची असली की अगदी सावकाश चालतानाही झटके जाणवत नाहीत. जुन्या स्वस्त इंजिनांत तीन पोलची मोटर एकाच बोगीवर बसवलेली असायची, ती सरपटायचं नावच घेत नाही. आणखी एक: सगळ्या चाकांनी करंट उचलायला हवा. ज्या चाकांना पकडीसाठी रबरी रिंग असते त्यांच्यातून करंट येत नाही, म्हणून अशा रिंगा जितक्या जास्त तितकं इंजिन सांध्यावर डोळे मिचकावणार.

माझ्या इंजिनात मोटर चांगली होती, फ्लायव्हीलही होते. पुढच्या बोगीचा दांडा जागेवर होता, पण झाकण उघडलं तर आत वर्मच नाही. काढून टाकलेला. दांडा नुसता हवेत फिरत होता. मागच्या बोगीत ॲक्सलच्या गिअरना तडे गेलेले. प्लास्टिकचे गिअर ॲक्सलवर दाबून बसवलेले असतात, वय झालं की चिरतात. चिरेच्या जागी दोन दातांमधली फट रुंदावते, तिथे पुढचा दात अडतो, आणि तीच ती उचकी. त्यात चाकांमधलं अंतरही हलतं, म्हणून सांध्यावर गाडी घसरते. हा म्हातारपणाचा साधा आजार आहे, नवा गिअर टाकला की बरा होतो. मला राग आला तो फेविक्विकचा. एका गिअरच्या चिरेत ते भरलेलं होतं. आणि सगळ्या यंत्रावर शिलाई मशीनचं तेल इतकं ओतलेलं की ते चाकांपर्यंत ओघळलं होतं. म्हणजे या माणसानं इंजिन उघडलं होतं, दुखणं ओळखलं होतं, जास्त खराब बोगी मुद्दाम निकामी केली होती आणि मग व्हिडिओ काढला होता.

आता तो व्हिडिओ पुन्हा बघू. मी तो थांबवून-थांबवून, मोठा करून बघितला. नकल कपलरमध्ये, म्हणजे बोटांसारख्या एकमेकांत अडकणाऱ्या जोडात, थोडी ढिलाई असते. गाडी ओढली जात असेल तर जोड ताणलेला दिसतो, ढकलली जात असेल तर दाबलेला. मागचं इंजिन आणि पहिला डबा यांच्यातला जोड ताणलेला होता, बरोबरच आहे. पण दोन इंजिनांमधला जोड सबंध चढभर दाबलेला. पुढचं इंजिन काहीही ओढत नव्हतं, मागचं इंजिन त्याला ढकलत नेत होतं. प्रत्येक उचकीला मागून रेटा मिळत होता, म्हणून ती दिसत नव्हती, आणि आवाजाच्या डीकोडरनं टक्-टक् झाकून टाकली होती. नंतर गाडी उलटी येते तेव्हा तोच जोड ताणलेला. म्हणजे येतानाही हे साहेब ओढून आणलेले!

डीकोडरमध्येही कारागिरी होती. सीव्ही म्हणजे डीकोडरमधली क्रमांकानं बदलता येणारी सेटिंग. सीव्ही ३ आणि सीव्ही ४ म्हणजे वेग घेण्याचा आणि सोडण्याचा संथपणा. दोन्ही आकडे बरेच वाढवून ठेवले होते. मग कुठलंही इंजिन राजासारखं हळूहळू सुटतं, यंत्र कसंही असो. त्यात मोटर अडली की आपोआप जास्त व्होल्टेज देणारी सोय अनेक डीकोडरमध्ये असतेच. सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की बरेचसे डीकोडर मूळ सेटिंगवर येतात. तसं केलं आणि उरलासुरला राजेशाही थाटही गेला.

आता जुनं इंजिन घेताना मी काय बघतो ते सांगतो. पहिली तपासणी फुकट आहे आणि करंटही लागत नाही. इंजिन रुळावर ठेवून बोटानं ढकलायचं. बहुतेक यंत्रांत वर्मनं चाक फिरतं, पण चाकानं वर्म फिरत नाही. त्यामुळे चाकं अडून रुळावर घासत सरकली पाहिजेत. एक बोगी अडते आणि दुसरी मोकळी फिरते, असं दिसलं की व्यवहार तिथेच थांबवायचा. समोर जाणं शक्य नसेल तर हेच व्हिडिओवर करून दाखवायला सांगायचं.

दुसरी तपासणी वेगाची, म्हणजे खरं तर वेग नसण्याची. जोरात पळणारं इंजिन स्मूथ दिसतंच. परीक्षा होते ती सरपटताना. खऱ्या गाडीचा ताशी ५ किलोमीटर वेग १:८७ च्या स्केलला सेकंदाला साधारण १६ मिलिमीटर होतो. म्हणजे दोन फुटांचा सरळ तुकडा पार करायला ३८ सेकंद लागले पाहिजेत. मोबाइलचं घड्याळ लावून बघा. चांगलं इंजिन एकेक स्लीपर मोजत, न थबकता जातं. काटो किंवा ॲटलस या कंपन्यांची नीट ठेवलेली जुनी इंजिनंसुद्धा हे सहज करतात, म्हणून ती नावं जुन्या बाजारात महाग असतात. हे दोन्ही दिशांना व्हायला हवं, कारण गिअरचा एखादा दोष फक्त उलट जातानाच उघडा पडतो. आणि थंड इंजिनावर व्हायला हवं. पंधरा मिनिटं गरगर फिरवून तेल पसरलेलं इंजिन कुणाचंही मन जिंकेल.

तिसरं, बॉडी काढलेला फोटो, आणि त्यात दोन्ही बोग्यांचे माथे झाकणाशिवाय. "काका, उघडलं तर क्लिपा तुटतील," असं उत्तर आलं तर मी पुढे बोलत नाही. ज्याला क्लिपा न तोडता बॉडी काढता येत नाही, त्याला यंत्राची हमी देण्याचाही अधिकार नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवले. पहिलं उत्तर, "कुरिअरमध्ये आपटलं असेल." कुरिअरवाला इंजिन उघडतो, वर्म काढून खिशात टाकतो आणि झाकण पुन्हा नीट बसवतो, असं त्याचं म्हणणं दिसतंय. दुसरं उत्तर जास्त हुशार होतं: "चालतानाचा व्हिडिओ बघूनच घेतलंत ना? पुरावा माझ्याकडे आहे." खरेदीच्या वेळी ज्या व्हिडिओनं मला भुलवलं, तोच त्याचा बचाव. मग नंबर ब्लॉक.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि पोलीस ठाण्यात अर्जही दिला आहे. सगळे त्याला अजून चारशे वीसच म्हणतात, पण जुलै २०२४ पासून फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. अर्ज लिहिताना ते नीट घाला. चॅट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आणि आतले फोटो जोडा. पार्सल उघडताना सलग चित्रीकरण करण्याची माझी सवय इथे कामी आली, "तुम्हीच वर्म काढला असेल" हा तिसरा आरोप त्यामुळे करता आला नाही. चिरलेल्या गिअरना पर्यायी गिअर बाहेर मिळतात, ते मागवले आहेत. वर्म एका मित्राच्या मोडक्या इंजिनातून मिळाला. इंजिन कधीतरी चालेलही, पण त्यासाठी मी साडेसोळा हजार दिले नव्हते.

ओळखीतल्या एकानं, माझं नाव न सांगता, त्याच विक्रेत्याला तोच व्हिडिओ दाखवून विचारलं, की यातलं मागचं इंजिन देणार का, हवी ती किंमत सांगा. उत्तर लगेच आलं. "नाही हो दादा, ते विकायचं नाही. ते मला लागतं."